तिकिटावर नाव नसतं

आमच्या कोपरला मुद्दाम कुणी येत नाही. दिवा आणि डोंबिवली यांच्यामध्ये आमचं स्टेशन. फास्ट गाडी आमच्याकडे ढुंकूनही बघत नाही, धुरळा उडवून निघून जाते. स्लो गाडी थांबते, तीही घाईतच. पण कोपरची एक ऐट आहे. आमचं स्टेशन दुमजली आहे. खालून मुंबई-कल्याणची मुख्य लाइन जाते, आणि तिच्या डोक्यावरून, उंच बांधावरून आणि पुलावरून, दिवा-वसई मार्ग जातो. खालच्या मजल्यावर गाडी चुकली तर माणूस घड्याळात बघतो आणि चार मिनिटांनी दुसरी पकडतो. वरच्या मजल्यावर गाडी चुकली तर घरी जाऊन जेवून परत यावं लागतं, कारण वरच्या मेमू गाड्या दिवसातून मोजक्याच.

अशा या कोपरला गेल्या थंडीत आमच्याकडे एक पाहुणा आला, थेट केपटाउनहून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणातली कितीतरी मुसलमान कुटुंबं आगबोटीनं दक्षिण आफ्रिकेला गेली, केपटाउनला स्थायिक झाली. तिथे त्यांना आजही 'कोकणी' म्हणूनच ओळखतात. माझ्या आजीची सख्खी बहीण लग्न होऊन अशीच भिवंडीहून तिकडे गेली. पुन्हा कधी आली नाही. तिचा हा पणतू. वय अठ्ठावीस, दाढी माझ्यापेक्षा काळी आणि माझ्यापेक्षा नीट राखलेली. इंग्रजी बोलतो. आपल्या भाषेतले पंधरा-वीस शब्द त्याच्याकडे पणजीकडून, आजीकडून गळत गळत आले आहेत. पाणी, मीठ, ये, बस, द्या, आणि एकपासून दहापर्यंत आकडे. मला 'मामू' म्हणतो. नात्याचा हिशेब केला तर मी त्याचा नेमका कोण हे आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही, म्हणून 'मामू' बरं पडतं.

त्याला भिवंडी बघायची होती. पणजीचं घर आता उरलेलं नाही, हे मी आधीच फोनवर सांगितलं होतं. "चालेल," म्हणाला, "गाव तर आहे ना?" मी रिक्षा ठरवायला निघालो, तर म्हणाला, नाही, रेल्वेनं जाऊ, आणि माझं तिकीट मी काढणार. वर हसत हसत म्हणाला, "पणजीनं जाण्याचं तिकीट काढलं होतं. येण्याचं राहिलं होतं, ते मी काढतो."

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. तिकीट काढणं या विषयात मी स्वतःच परदेशी आहे. तुम्ही म्हणाल, जन्म लोकलमध्ये गेला आणि हे काय? पण त्याचंच ते कारण आहे. मी पासवाला. मस्जिद बंदरला मसाल्याच्या एका पेढीवर मी अनेक वर्षं हिशेब लिहिले. पासवाला माणूस महिन्यातून एकदा, किंवा तीन महिन्यांतून एकदा, खिडकीशी जातो. बाकी सगळे दिवस तो तिकिटाच्या रांगेकडे, सासरी आलेल्या जावयाच्या नजरेनं, जरा अंतर राखून बघतो. मधल्या काळात तिकिटाचं सगळं जग बदलून गेलं आणि त्याला पत्ताही लागला नाही.

माझ्या लहानपणचं तिकीट पुठ्ठ्याचं होतं. सव्वादोन इंच लांब, सव्वा इंचाच्या आतबाहेर रुंद. खिडकीतला माणूस ते लाकडी खणातून काढायचा, तारखेच्या यंत्रात एकदा खटकन् दाबायचा आणि पुढे सरकवायचा. त्या 'खटक'चा आवाज झाला की प्रवास सुरू झाला असं आम्हां पोरांना वाटायचं. पुढे वाचनात आलं की त्या पुठ्ठ्यामागे थॉमस एडमंडसन नावाचा एक इंग्रज होता. मूळचा लाकडी सामान करणारा कारागीर. धंद्यात बुडाला आणि पोटासाठी उत्तर इंग्लंडमधल्या एका छोट्या स्टेशनावर नोकरीला लागला. तेव्हा प्रत्येक उतारूचं तिकीट हातानं लिहून द्यावं लागे. त्याला याचा कंटाळा आला आणि १८३० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं आधीच छापलेली, क्रमांक घातलेली पुठ्ठ्याची तिकिटं काढली. कुठून, कुठे, भाडं किती आणि क्रमांक कोणता, एवढंच त्यावर. किती तिकिटं विकली ते क्रमांकावरून कळायचं, म्हणजे हिशेबही आपोआप जुळायचा. हिशेबनीस म्हणून मला या माणसाबद्दल फार आदर आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणपर्यंत पोचली, म्हणजे आमच्या आजच्या कोपरवरूनच गेली असणार. आणि पुढे पिढ्यान् पिढ्या आपण या बुडालेल्या सुताराच्या पुठ्ठ्यावर प्रवास केला.

मग कूपनं आली. तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असतील. रुपया-दोन रुपयांच्या कूपनांची छोटी पुस्तिका विकत घ्यायची. भिंतीवरच्या तक्त्यात भाडं बघायचं, तेवढ्या रकमेची कूपनं मोजायची आणि फलाटाजवळच्या यंत्राच्या फटीत एकेक घालायची. यंत्र त्यांवर स्टेशन, तारीख, वेळ उमटवायचं. छाप उमटली तर ते तिकीट, नाही तर नुसता कागद. यंत्राची शाई वाळलेली असायची, आणि गाडी शिरत असताना माणसं त्या यंत्राच्या पाठीत धपाटे घालत असायची. दहाएक वर्षांपूर्वी ही कूपनं बंद झाली. त्यांच्याआधीच, २००७ च्या सुमारास, पडद्याला बोट लावून तिकीट देणारी नवी यंत्रं आली होती. २०१४ च्या अखेरीस तिकीट फोनवरही आलं. मी आपला पास दाखवत पुढे जात राहिलो.

या कूपनांनी मला पुढे एक धडा शिकवला, तोही सातासमुद्रापार. २०१९ साली मी मुलीकडे जर्मनीला गेलो होतो. शहराचं नाव सांगत नाही, त्यात शहराचा काही दोष नाही. मुलगी कामावर गेली. मला वाटलं, मुंबईत आयुष्य काढलेला माणूस मी, मला कसली भीती? स्टेशनावर गेलो. तिथल्या यंत्रावर पाच-सहा भाषांचे झेंडे होते. आपला नव्हता, म्हणून इंग्रजांच्या झेंड्यावर बोट ठेवलं. यंत्रानं इतके प्रश्न विचारले की मुलीच्या लग्नात व्याह्यांनी विचारले नव्हते. शहराची वर्तुळं पाडलेली, कुठल्या वर्तुळातून कुठल्या वर्तुळात जाणार ते सांगा. एक प्रवास की दिवसभर? एकटे की टोळी? माझ्यामागे रांग वाढत होती. कुणी काही बोललं नाही, पण गप्प बसणाऱ्या रांगेची दहशत बोलणाऱ्या रांगेपेक्षा जास्त असते. शेवटी तिकीट निघालं. मी ते पाकिटात जपून ठेवलं आणि ऐटीत गाडीत बसलो.

दोन स्टेशनं गेल्यावर साध्या कपड्यातल्या एका बाईनं ओळखपत्र दाखवून तिकीट मागितलं. मी अभिमानानं दिलं. तिनं ते उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, यावर छाप कुठे आहे? तिथे तिकीट काढल्यावर ते फलाटाजवळच्या दुसऱ्या छोट्या डब्यात घालून वेळेचा छाप मारून घ्यायचा असतो. नाही मारला तर तिकीट असूनही विनातिकीट. साठ युरो दंड. मी खूप समजावलं, की मला माहीत नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, सगळे असंच म्हणतात.

घरी परतताना डोक्यात प्रकाश पडला. ही तर आपली कूपनचीच रीत! मस्जिद बंदरच्या त्या यंत्राला मी किती वेळा धपाटे घातले होते. आणि किती वेळा पाहिलं होतं, की परगावचा एखादा माणूस हातात कोरी कूपनं घेऊन टीसीसमोर उभा आहे, "साहेब, माहीत नव्हतं" म्हणतोय, आणि मी बाजूनं पास दाखवून निघून जातोय. मनात कधी कधी आलंही असेल, की माहीत नाही म्हणजे काय? भिंतीवर लिहिलंय की! भिंतीवर लिहिलेलं कुणाला दिसतं? ज्याला ते आधीच माहीत असतं, त्यालाच.

तर असा मी, पाहुण्याला घेऊन कोपर स्टेशनावर पोचलो. वरच्या गाडीला वीस मिनिटं होती. खिडकीपाशी रांग मोठी, म्हणून आम्ही यंत्राकडे वळलो. मुलानं मला रेल्वेचं स्मार्ट कार्ड घेऊन दिलेलं आहे. पाहुण्याला नमुना दाखवावा म्हणून आधी मी पुढे झालो. यंत्रानं पहिल्यांदा भाषा विचारली. मी मराठीवर बोट ठेवलं. नकाशा आला, स्टेशन निवडलं, प्रवासी एक, सवयीनं परतीचंही दाबलं. आणि घाईघाईत कार्ड उचललं. तिकीट छापून होईपर्यंत ते तिथेच ठेवायचं असतं, हे मी विसरलो. सगळं पुसलं गेलं. पुन्हा पहिल्यापासून. पाहुणा गंभीरपणे बघत होता. दुसऱ्या वेळेला निघालं.

मग तो पुढे झाला. इंग्रजीवर बोट ठेवलं. भिवंडी शोधू लागला. सापडेना. सापडलं ते 'भिवंडी रोड'. "हे तेच का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, तेच आणि तेच नव्हे. रेल्वेत स्टेशनाच्या नावापुढे 'रोड' लागलं, की समजायचं गाव अजून लांब आहे, स्टेशन फक्त त्या गावाच्या वाटेवर आहे. वसई रोड, कामण रोड, भिवंडी रोड. त्याला हे फार आवडलं. मग त्यानं नकाशात 'बोरीबंदर' शोधलं. पणजीच्या तोंडी तेच नाव होतं. ते कुठून सापडणार? बोरीबंदरचं व्हीटी झालं, १९९६ मध्ये सीएसटी झालं, २०१७ मध्ये सीएसएमटी. खिडकीतल्या माणसाला आजही कुणी म्हातारा "एक व्हीटी" म्हणाला तर तो मुकाट्यानं तिकीट देतो. यंत्राला फक्त आजचं नाव कळतं. ज्याचं गावाशी नातं जुन्या नावाचं आहे, त्याला यंत्राशी बोलता येत नाही.

तरी पाहुणा शेवटपर्यंत पोचला. आता पैसे द्यायचे. त्यानं आपलं बँकेचं कार्ड काढलं. या कार्डावर तो विमानतळापासून कॉफी पीत आला होता. पण यंत्राला हवं होतं रेल्वेचं कार्ड, नाही तर फोनवरचं यूपीआय. यूपीआय त्याच्या फोनवर नव्हतं, कारण त्याचं खातं केपटाउनचं. खिशात रुपयांच्या नोटा होत्या, पण त्या यंत्राला नोट घालायला फट नव्हती. खिसा भरलेला, आणि दहा-वीस रुपयांच्या तिकिटाला मोताद! मी माझं कार्ड पुढे केलं, तर मान हलवली. त्याचं तिकीट त्यालाच काढायचं होतं. मागची रांग मात्र जर्मनीची नव्हती, बोलणारी होती. "अहो काका, होतंय का?"

अशा वेळी यंत्राशेजारी जो माणूस उभा असतो, तो धावून आला. तुम्ही त्याला पाहिलं असेल. बहुधा रेल्वेतून निवृत्त झालेला. स्वतःचं कार्ड यंत्रावर ठेवतो, आपल्याकडून रोख घेतो, पडद्याकडे न बघता चार ठिकाणी बोट मारतो आणि तिकीट हातात देतो. त्याला थोडं कमिशन सुटतं. मला नेहमी गंमत वाटत आली आहे, की माणसाची खिडकी कमी करायला यंत्र आणलं, आणि मग यंत्र चालवायला माणूस उभा केला. पण त्या दिवशी गंमत वाटली नाही, हायसं वाटलं. "सिंगल की रिटर्न?" त्यानं विचारलं. पाहुण्याला पहिला शब्द नीट ऐकू आला, तो म्हणाला, "सिंगल." नोट दिली, तिकीट घेतलं, खूश झाला.

सुटे पैसे मोजता मोजता त्या गृहस्थांनी मला विचारलं, "पाहुणे कुठले?"

"दक्षिण आफ्रिकेचे."

"अरे वा! आणि तुम्ही?"

"मी इथलाच. कोपरचा."

"तसं नव्हे. मूळचे?"

अठ्ठावीस वर्षं मी कोपरला राहतो. म्हटलं, मूळचे आम्ही भिवंडीचे. त्यांनी माझ्या दाढीकडे पाहिलं, मनापासून हसले आणि म्हणाले, "पण मराठी फार छान बोलता हो!"

मी "थँक्यू" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्या माणसाच्या मनात वाईट काहीच नव्हतं. आत्ताच त्यानं माझ्या पाहुण्याची अडचण दूर केली होती. पण मी कॉलेजात असल्यापासून मराठीत कविता लिहितो. माझी आई मला मराठीत रागवायची. कविसंमेलनात, बँकेत, दवाखान्यात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की ते येणार हे मला समोरच्याच्या भुवयांवरून कळतं. घरातल्या माणसाला कुणी "छान बोलता" म्हणत नाही. ते कौतुक पाहुण्याचं असतं.

जिना चढताना मी विचार करत होतो. पाच मिनिटांपूर्वी मी यंत्रावर 'मराठी'वर बोट ठेवलं, तेव्हा यंत्राच्या भुवया उंचावल्या नव्हत्या. त्याला भुवयाच नाहीत. त्यानं 'मूळचे कुठले' विचारलं नाही, फक्त 'कुठे जायचंय' एवढंच विचारलं. हा केवढा मोठा सुसंस्कृतपणा! पण त्याच यंत्रानं, खिशात पैसे असलेल्या माझ्या पाहुण्याला दारातून परत पाठवलं होतं. आणि ज्यानं 'मूळचे' विचारलं, त्यानंच त्याला आत घेतलं. आता यात बाजू कुणाची घ्यायची? मला अजून ठरवता आलेलं नाही.

वर फलाटावर वारा होता. खालून एक फास्ट गाडी धडधडत गेली. पाहुण्यानं दोन्ही तिकिटं शेजारी शेजारी धरली. माझं परतीचं, त्याचं एकेरी. बाकी अक्षर न् अक्षर सारखं. कोपर ते भिवंडी रोड, प्रौढ एक. तो म्हणाला, "मामू, यावर नावच नाही!" विमानाच्या तिकिटावर नाव, व्हिसाच्या अर्जात नाव आणि बापाचं नाव, हॉटेलात पासपोर्टाची प्रत. इथे काहीच नाही. मी म्हटलं, पासावर असतं, लांबच्या गाडीच्या आरक्षणावर असतं. या साध्या तिकिटावर नसतं. एडमंडसनच्या पुठ्ठ्यावर नव्हतं, कूपनावर नव्हतं, यंत्राच्या कागदावरही नाही. कुठून, कुठे, आणि मोठा माणूस आहे की लहान मूल, एवढंच रेल्वेला लागतं. त्यानं ते तिकीट पासपोर्टात ठेवलं.

भिवंडीत काय पाहिलं, ते सांगत बसत नाही. यंत्रमागांचा खडखडाट, ट्रकांच्या रांगा, आणि जिथे घर होतं असं माझी आई सांगायची तिथे आता असलेली चार मजली इमारत. तो तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. एका म्हाताऱ्या बाईनं, ओळखपाळख नसताना, पाणी आणून दिलं. 'पाणी' त्याला कळलं.

परत निघालो तेव्हा ध्यानात आलं, याचं तिकीट तर एकेरी आहे! भिवंडी रोडला खिडकीशी रांग होती. मी पुढे झालो, तर त्यानं मला हातानं मागे सारलं. "मी काढतो. काय म्हणायचं ते सांग." मी सांगितलं. रांगेत उभा राहून तो ओठातल्या ओठात ते घोकत होता. मी चार पावलांवर, खिशात हात घालून, अडलाच तर धावायच्या तयारीत. त्याचा नंबर आला. त्यानं नोट आत सरकवली आणि म्हणाला, "एक कोपर द्या."

आतला हात पुढे आला, नोट घेतली, तिकीट आणि सुटे पैसे बाहेर सरकवले. मागच्या माणसानं "चला, पुढे" म्हटलं. संपलं.

तो माझ्याकडे आला. चेहरा जरा पडलेला. "मामू, मी चुकीचं बोललो का? त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही."

"बेटा," मी म्हटलं, "अगदी बरोबर बोललास."